ज्याला तक्रार सांगता येत नाही त्याच्यासाठी घर : निवासी गृहाच्या निवडीचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी निवासी गृह शोधताना कुटुंबांपुढे जे पेच पुन्हा पुन्हा उभे राहतात, त्यांवरून ते अभ्यासासाठी रचले आहे. म्हणूनच माणसांना आणि गृहांना नावे दिलेली नाहीत. बहीण, भाऊ आणि आई एवढीच ओळख येथे पुरेशी आहे; ‘मी’ म्हणजे त्यांना सल्ला देणारी व्यक्ती.

व्यक्ती आणि कुटुंब

भाऊ ४१ वर्षांचा. त्याला डाउन सिंड्रोम असून बौद्धिक अक्षमता मध्यम स्वरूपाची आहे. पन्नासेक शब्द तो बोलतो, पण त्यांतले निम्मे आईखेरीज कोणाला कळत नाहीत. बाकीचे काम हातवारे आणि चेहरा करतात. थायरॉइडची गोळी त्याला रोज लागते. दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, मात्र श्रवणयंत्र तो लावू देत नाही. कपडे स्वतः घालतो, जेवतो, अंघोळीला मदत लागते. दिवसा कार्यशाळेत जाऊन लिफाफे चिकटवतो आणि त्या कामाचा त्याला अभिमान आहे. वडील हयात नाहीत. आई ७४ वर्षांची. बहीण ४६ वर्षांची, नोकरी करणारी, स्वतःचा संसार असलेली.

आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि प्रश्न ऐरणीवर आला. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात बहिणीने भावाला सांभाळले, तेव्हा आई रात्रीतून किती वेळा उठत होती, गोळी कशात मिसळून देत होती आणि कोणत्या गोष्टी त्याच्या नजरेआड ठेवत होती, हे तिला प्रथमच समजले. यांतले काहीही कुठे लिहिलेले नव्हते. आईचे म्हणणे ठाम होते : मी आहे तोवर तो माझ्याजवळच राहील. बहिणीचे म्हणणे असे, की आई गेल्यावर हलवायचे ठरले तर त्याची आई आणि त्याचे घर एकाच आठवड्यात सुटेल, आणि दोन्हींचे कारण त्याला समजावून सांगणारे माणूसही उरलेले नसेल. मला बहिणीचा मुद्दा बरोबर वाटतो. आई धडधाकट नसली तरी हयात असताना केलेले स्थलांतर तिच्या मदतीने करता येते. नंतरचे स्थलांतर केवळ तातडीची सोय असते, आणि तातडीत जिथे जागा रिकामी असते तिथेच माणूस जातो.

तिसरा पक्ष खुद्द भावाचा. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील १९ वे कलम सांगते, की कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याची संधी अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे आणि ठरावीक व्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर होता कामा नये. पन्नास शब्दांच्या माणसाला ही निवड कशी करता येईल, हा प्रश्न अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून तो विचारायचाच नाही, असे होऊ शकत नाही.

गृह पाहण्याआधी

गेल्या वर्षभरात भावात बदल झाले होते. जिन्याच्या तोंडाशी तो थबकायचा, दुपारी बसल्या जागी झोपायचा, लिफाफ्यांतले त्याचे लक्ष उडाले होते. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असे कुटुंबाने गृहीत धरले होते आणि म्हणूनच बहीण चोवीस तास परिचारिका असलेले गृह शोधत होती. गृहीतक निराधार नव्हते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराशी निगडित अमायलॉइड प्रथिन ज्या जनुकापासून तयार होते, ते २१ व्या गुणसूत्रावर असते, आणि डाउन सिंड्रोममध्ये याच गुणसूत्राची जादा प्रत असते. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरचे बदल दिसतात. परंतु मेंदूतले बदल आणि वागण्यात दिसणारा आजार यांत बहुधा बरीच वर्षे जातात, आणि लक्षणे सामान्यतः पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर दिसू लागतात.

म्हणून गृहांची यादी बाजूला ठेवून आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, असे सुचवले. थायरॉइडच्या गोळीचा डोस कमी पडत होता. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता, त्यामुळे आधीच कमी असलेले ऐकणे आणखी मंदावले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. पायऱ्यांची कड त्याला दिसत नव्हती. झोपेत श्वास अडण्याचा विकारही निघाला, आणि दुपारच्या झोपेचा बराचसा उलगडा तिथे झाला. या चारही गोष्टी डाउन सिंड्रोममध्ये सर्रास आढळतात, आणि चारही स्मृतिभ्रंशाचा आभास निर्माण करू शकतात. नवे लक्षण दिसले की ते मूळ अक्षमतेच्या खात्यावर टाकून मोकळे व्हायचे, ही सवय घरच्यांना असते तशीच डॉक्टरांनाही असते, आणि तिच्यापायी उपचार होण्याजोगे आजार वर्षानुवर्षे तसेच राहतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि बाकीचे उपचार झाल्यावर भाऊ पुन्हा कार्यशाळेत रमला. शोधाची दिशा अर्थातच बदलली. आता हवे होते ते आजाऱ्यांचे गृह नव्हे, तर आज कामावर जाणाऱ्या आणि पुढेमागे कदाचित स्मृतिभ्रंश होणाऱ्या माणसाला सामावून घेणारे घर. ही तपासणी आधी झाली नसती, तर चुकीच्या प्रश्नाचे अगदी काळजीपूर्वक उत्तर मिळाले असते.

याच टप्प्यावर दोन नोंदी तयार केल्या. पहिली, आज तो काय काय करू शकतो याची, म्हणजे पुढे स्मृतिभ्रंशाची शंका आली तर तुलना कशाशी करायची हे माहीत असेल. डाउन सिंड्रोममध्ये अशी तपासणी चाळिशीपासून दरवर्षी करण्याची शिफारस आहे. दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये विकसित झालेले डिसडॅट नावाचे एक साधन आहे. त्यामागचा विचार असा, की बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वेदनेच्या सर्वांना लागू पडणाऱ्या खुणा नसतात. प्रत्येकाच्या त्रासाची भाषा वेगळी असते आणि ती समाधानाच्या वेळच्या भाषेशी ताडूनच ओळखावी लागते. त्या धर्तीवर आईने सांगितले आणि बहिणीने लिहून घेतले. दात दुखत असला की तो उजव्या कानाची पाळी ओढतो. पोट बिघडले की ताट दूर सारत नाही, उलट नेहमीपेक्षा फार हळू जेवतो. कंटाळला की बुटांचे बंद सोडून ठेवतो. आणि भीती वाटली की हसतो, तोंड न उघडता, खांदे हलवत. ही शेवटची ओळ बहिणीलाही नवीन होती.

तीन गृहे

पहिले गृह मोठे होते : ऐंशी निवासी, स्वतंत्र आवार, परिचारिका चोवीस तास, व्यायामोपचाराची खोली, आवारातच कार्यशाळा. आईला तिथली स्वच्छता भावली आणि बहिणीला परिचारिका. पण रात्रीचे जेवण सहा वाजता उरकत होते आणि साडेसातला दिवे मालवले जात होते, कारण आठ वाजता पाळी बदलत असे. दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला इतर चार माणसांसारखाच ताल असावा, हे तत्त्व स्वीडनचे बेंग्ट नीर्ये यांनी १९६९ मध्ये मांडले. ते आज सगळ्या माहितीपत्रकांत शिरले आहे, तरीही झोपायची वेळ कशावरून ठरते, असे विचारले की संस्थेचा खरा कल कळतो. सर्वांना सरसकट मऊ, एकजीव केलेले अन्न दिले जात होते. काही जणांना गिळण्याचा त्रास असल्याने ते आवश्यकही असेल. परंतु अन्नाचा घट्टपणा ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पातळ्यांवर प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा ठरवायचा असतो, आणि ज्याला नीट चावता येते त्याच्या पुढे लगदा ठेवणे ही सावधगिरी नसून स्वयंपाकघराची सोय असते. निम्म्याहून अधिक निवासी अँटिसायकॉटिक, म्हणजे तीव्र मानसिक आजारांवरील, औषधांवर होते. कशासाठी, असे विचारल्यावर ‘शांत राहावेत म्हणून’ हे उत्तर सहजपणे मिळाले. इंग्लंडमधील सरकारी आरोग्ययंत्रणेने २०१५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार तिथे बौद्धिक अक्षमता असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ योग्य निदानाविनाच मानसिक आजारांवरील औषधे घेत होते, आणि त्यानंतर ही औषधे कमी करण्याची मोहीम २०१६ मध्ये हाती घेण्यात आली. तेव्हा अशा गोळ्यांचा अतिरेक ही एखाद्या गृहापुरती गोष्ट नाही. पण त्याची लाज न वाटणे ही त्या गृहाची गोष्ट आहे.

दुसरे गृह नवे आणि देखणे होते. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, भिंतीवर तपासणी यंत्रणेचा उत्तम दाखला. प्रत्येक भेटीत मात्र वेगळेच काळजीवाहक दिसले. मागील महिन्याचा पाळ्यांचा तक्ता मागितला तेव्हा बहुतेक रात्री बाहेरच्या संस्थेकडून आलेल्या तात्पुरत्या माणसांवर निभावल्याचे आढळले. अपघात आणि दुखापतींची नोंदवही वर्षभर कोरी होती. व्यवस्थापकांनी ती अभिमानाने दाखवली, आणि नेमकी तीच गोष्ट खटकली. डझनभर माणसे जिथे राहतात तिथे वर्षात कोणी पडत नाही, कोणाला ठसका लागत नाही, कोणी कोणाला ओरबाडत नाही, असे होत नसते. तिथे ते लिहिले जात नसते, एवढेच. दाखल्याविषयीही बहिणीला थोडे कठोरपणे सांगावे लागले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचे खासगी रुग्णालय होते. तिथल्या एका माजी वरिष्ठ परिचारकाने रुग्णांच्या छळाविषयी व्यवस्थापनाला आणि नियामक यंत्रणेलाही कळवले होते, तरी काही हालचाल झाली नाही. शेवटी २०११ मध्ये दूरचित्रवाणीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण दाखवली, तेव्हा ते बंद झाले आणि पुढे अकरा कर्मचारी दोषी ठरले. तपासणीचा अहवाल वाचावाच, पण तो एका दिवसाचा असतो, हे ध्यानात ठेवून.

तिसरे गृह सहा जणांचे, एका जुन्या घरातले. रंग उडालेला, स्नानगृहात आधाराचा दांडा एकाच बाजूला, परिचारिका नाही. एक निवासी मधूनच मोठ्याने ओरडत होता, आणि आईने तेवढ्यावरूनच नकार द्यायचे ठरवले होते. रात्री एक काळजीवाहक जागा असे. झोपायला येणारा नव्हे, जागा. या दोहोंतला फरक माहितीपत्रकात दिसत नाही, तो विचारावा लागतो.

तिन्ही ठिकाणी बहिणीने एक प्रश्न त्याच शब्दांत विचारला : गेल्या वर्षात, न बोलणाऱ्या एखाद्या निवाशाला काही दुखते आहे हे तुम्हाला कसे कळले, ते सांगाल का? पहिल्या गृहात उत्तर मिळाले, की परिचारिका रोज सर्वांची तपासणी करते. दुसऱ्या गृहात वेदना ओळखण्याच्या प्रशिक्षणाची माहिती देण्यात आली. तिसऱ्या गृहाच्या व्यवस्थापिकेने एका बाईंची हकीकत सांगितली. त्या अंघोळीला विरोध करू लागल्या होत्या. तो हट्ट समजून कर्मचारी काही दिवस त्यांच्याशी झगडत राहिले, आणि मग एका काळजीवाहक मुलीच्या लक्षात आले की विरोध फक्त डावा हात वर करताना होतो. खांद्याचे हाड दुखावले होते. ‘आम्हाला उशीर झाला,’ असे व्यवस्थापिका स्वतःहून म्हणाल्या आणि नोंदवहीतले ते पान, बाईंचे नाव झाकून, त्यांनी दाखवले. पहिल्या दोन उत्तरांत यंत्रणा होती, तिसऱ्यात माणूस होता. परिचारिका असणे आणि वेदना ओळखली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला तक्रार सांगता येत नाही त्याच्यासाठी दुसरी अधिक निर्णायक ठरते, कारण आजारपण कोणाच्या लक्षातच आले नाही तर परिचारिकेला बोलावणार कोण?

भावाचे मत

गृह पसंत आहे का, असे विचारले की भाऊ विचारणाऱ्याकडे पाहून होकार देतो; नापसंत आहे का, या प्रश्नालाही होकारच येतो. त्यामुळे शब्दांवर विसंबता येत नव्हते. कार्यशाळा, आई, बहीण, स्नानगृह, झोपायची जागा यांची छायाचित्रे घेऊन, ‘आवडते’ आणि ‘नावडते’ अशा दोन चटयांवर ती ठेवायला लावण्याचा प्रयोग केला. एकाच दिवसाच्या कलावर भिस्त नको म्हणून तोच प्रयोग वेगवेगळ्या वेळी पुन्हा केला. पहिल्या आणि तिसऱ्या गृहात त्याला काही दिवस राहून पाहायला नेले. दुसऱ्याचा विचार कुटुंबाने तोपर्यंत सोडला होता.

पहिल्या गृहातून परतला तेव्हा तो शांत होता, फारच शांत, आणि त्याच्या बुटांचे बंद सुटलेले होते. तिसऱ्या गृहात पहिल्याच संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावरची ताटे उचलून ठेवली, जे तो फक्त घरी करतो. ओरडणाऱ्या निवाशाचे त्याला काहीच वाटले नाही, बहुधा कमी ऐकू येण्याचा तेवढा फायदा. आईची मुख्य हरकत अशी अनपेक्षितपणे निकालात निघाली. दुखऱ्या आवाजांची भीती तिची होती, मुलाची नव्हे. सोबतच्या निवाशांशी जमणे ही बाब कुटुंबे हमखास विसरतात. इमारत आणि कर्मचारी पाहिले जातात, पण रोजचे चोवीस तास ज्यांच्यासोबत काढायचे, त्या माणसांबद्दल कोणी विचारत नाही.

निर्णय आणि करार

तिसरे गृह ठरले. आईने संमती दिली, मनापासून नव्हे. करारावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागितल्या. स्नानगृहाच्या दुसऱ्या बाजूला दांडा आणि जिन्याच्या कडांना ठळक पट्ट्या. झोपेतील श्वासाच्या यंत्राचा मुखवटा रात्री सरकला तर तो पुन्हा लावण्याचे रात्रपाळीला प्रशिक्षण. कुटुंबाला न कळवता मानसिक आजारांवरील कोणतेही नवे औषध सुरू होऊ नये, आणि सुरू झालेच तर कारण, पाहणीची तारीख आणि बंद करण्याचा निकष त्याच कागदावर असावा. रुग्णालयात दाखल करावे लागले तर ओळखीचा काळजीवाहक सोबत राहील आणि जागा राखून ठेवली जाईल. भावाच्या पैशांचा हिशेब त्याच्या नावे वेगळा राहील आणि तो बहीण पाहू शकेल. पूर्वसूचना न देता कोणत्याही वेळी भेटता येईल. ही अट मान्य करताना गृह किती आढेवेढे घेते, तेही पाहण्यासारखे असते.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती बाहेर काढण्याच्या कलमावर. मूळ मसुद्यात ‘गरजा वाढल्यास’ गृह सूचना देऊन निवाशाला हलवायला सांगू शकेल, एवढेच मोघम वाक्य होते. डाउन सिंड्रोम असलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत गरजा वाढणार हे आजच ठाऊक आहे, तेव्हा असे वाक्य मान्य करणे म्हणजे ऐन स्मृतिभ्रंशात त्याच्यासाठी नवे घर शोधण्याची वेळ स्वतःवर ओढवून घेणे. शेवटी असे ठरले, की जादा मनुष्यबळाची सोय झाल्यास गृह त्याला ठेवील, आणि ज्या दोन परिस्थितींत ठेवता येणार नाही त्या नेमक्या लिहिल्या जातील : उचलून हलवण्यासाठी सतत दोन माणसे लागणे आणि नळीने अन्न द्यावे लागणे. व्यवस्थापिकेने मर्यादा कबूल केल्या म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

पहिले महिने

स्थलांतर टप्प्याटप्प्याने झाले. आधी दुपारचे जेवण, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, आणि कार्यशाळा तीच ठेवली. दिवस तसाच राहिला, रात्र बदलली. आई सुरुवातीला वरचेवर जाऊन बसत असे.

काही आठवड्यांनी रात्रपाळीच्या नोंदींत लिहून येऊ लागले, की भाऊ छान रमला आहे, रात्री खोलीत बसून हसत असतो. गृहाला समाधान वाटले. बहिणीने ती पाने वाचली आणि ती तडक गृहात गेली, कारण तोंड न उघडता हसणे म्हणजे काय, हे आईने लिहून दिले होते. चौकशीत निष्पन्न झाले, की रात्री भटकणारा एक निवासी भावाच्या खोलीत शिरून पलंगाशी उभा राहत होता. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्या खोलीत पूर्वी त्याचा मित्र राहत असे.

चूक गृहाची होती. त्रासाच्या खुणांचा कागद कार्यालयातल्या फायलीत नीट लावलेला होता, आणि रात्री काम करणाऱ्या नव्या काळजीवाहकाने तो कधी पाहिलाच नव्हता. चांगले गृह निवडले म्हणून असे घडणार नाही, ही अपेक्षा सोडूनच द्यावी. पुढे काय घडले ते महत्त्वाचे. व्यवस्थापिकेने ‘हसतो’ ही नोंद खोडली नाही, तिच्याखाली खरे कारण तारखेसह लिहिले. खोल्यांची अदलाबदल झाली; भटकणाऱ्या निवाशाला मित्राची खोली मिळाली आणि भावाला जिन्यापासून दूरची. तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला लावला गेला, म्हणजे काळजीवाहकाला दिसेल पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडणार नाही. रात्रपाळीच्या प्रत्येकाने बहिणीसोबत एकदा बसून तो समजून घेतला. कोणी झोपेची गोळी सुचवली नाही. पहिल्या गृहात हाच प्रकार कसा हाताळला गेला असता, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

सध्याची स्थिती

भावाचे वजन स्थिर आहे, झोप सुधारली आहे, लिफाफे चालू आहेत. आईने गृहाला पूर्णपणे स्वीकारलेले नाही; तिथे त्याची दाढी नीट होत नाही, ही तिची तक्रार कायम आहे आणि ती खरीही आहे. सहामाही आढाव्यात दोन विषय पुढे राहिले. एक, आई भेटायला येऊ शकणार नाही तेव्हा त्याला काय आणि कसे सांगायचे; आईने स्वतःच्या आवाजात काही ध्वनिमुद्रित करावे असे सुचवले होते, पण त्याला ऐकूच कमी येते हे लक्षात आल्यावर त्याऐवजी दोघांच्या छायाचित्रांची वही करण्याचे ठरले. दुसरा, अपस्माराचा. डाउन सिंड्रोममध्ये स्मृतिभ्रंशाबरोबर उतारवयात प्रथमच झटके सुरू होण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि सकाळी उठल्यावर हाताला बसणारे छोटे हिसके ही त्यांची पहिली खूण असू शकते. हातातून कप निसटला तर तो निष्काळजीपणा समजू नये, तशी नोंद करावी, आणि पाच मिनिटांहून अधिक काळ चाललेल्या झटक्याला तातडीची मदत बोलवावी, हे रात्रपाळीसाठी लिहून दिले आहे. कपाटातल्या कागदावर त्यासाठी एक ओळ वाढवली असून, पुढच्या वार्षिक तपासणीत बहिणीने पहिल्या वर्षीची नोंद सोबत आणायची आहे.